काका दुकान धावतो

बडोद्यातल्या दांडिया बाजारात, मराठी घरात संध्याकाळी इंग्रजी मीडियमचं नातवंड वही घेऊन येतं आणि विचारतं, "आजोबा, रन म्हणजे?" आजोबा म्हणतात, "धावणे." उत्तर अगदी बरोबर. घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण पुढचं वाक्य असतं 'माय अंकल रन्स अ शॉप'. मग नळ रनिंग, नाक रनिंग, आणि आजोबांचं बीपी त्यांच्या मागोमाग.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ह्या एका क्रियापदाचे 645 अर्थ आहेत. ते लावायला संपादकाला नऊ महिने लागले म्हणे. बाळंतपणच की ते!

माझं मत विचाराल तर 'धावणे' हा अर्थ सगळ्यात शेवटी आठवावा. आधी कर्त्याला पाय आहेत का बघा. पाय नसून ते यंत्र, दुकान किंवा संस्था असेल, तर इंग्रजीत जे धावतं ते आपल्याकडे आरामात चालतं. पंखा चालतो, पेढी चालते, घड्याळ चालतं. बडोद्यात तर गुजराती शेजाऱ्याचं 'चालशे' आणि आपलं 'चालेल' मिळून सगळं गावच चालतं, धावायची कुणाला घाई नाही. मागे कर्म आलं की 'चालवणे' करा, म्हणजे काका दुकान चालवतो आणि सुटतो.

पातळ पदार्थ असेल तर वाहतो. विश्वामित्री नदी वाहते, नाकही वाहतं, फक्त त्यात मगरी नसतात. रस्ता असेल तर जातो: लहेरीपुरा दरवाज्यातून मांडवीवरून थेट पाणीगेटला. कपड्याचा रंग 'रन' झाला तर 'उडाला' म्हणू नका. उडतो तो उन्हानं, फिका पडतो. 'रन' होतो तो सुटतो, म्हणजे लाल बांधणी धुतली आणि बाबांचा पांढरा शर्ट गुलाबी होऊन बाहेर आला.

पाय असले तरी जपून. 'शी रॅन'चं भाषांतर 'ती धावली' करा. 'ती पळाली' म्हटलंत तर अख्खी सोसायटी गॅलरीत येते आणि "कुणाबरोबर?" विचारते. पळून जायला इंग्रजीत मागे 'अवे' लावावा लागतो, आपल्याकडे नुसतं पळालं तरी पुरतं.

खरी ठेच ह्या शेपटांनीच लागते. 'आउट ऑफ' लागलं की संपणे: गॅसचा बाटला संपला, तोही नेमका पाहुणे दारात असताना. 'इंटू' लागलं की माणूस असेल तर अचानक भेट, खांब असेल तर धडक. 'ओव्हर' लागलं तर गाडी अंगावरून गेली. पण मीटिंग 'रन ओव्हर' झाली तर फक्त लांबली, त्रास तेवढाच. भूतकाळात 'रॅन' आणि 'हॅव'नंतर पुन्हा 'रन'. 'रन्ड' लिहिलं की लाल शाई.

निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडातला 'स्टँड'. आपला उभाच राहतो. निवडून आल्यावर बसतो.

ह्या सगळ्यात मराठीनं 'रन'ला इमानानं 'धाव' म्हटलं ते क्रिकेटमध्ये. आजोबांचा चेहरा इथे खुलतो. मार्च 1947, रणजीची अंतिम लढत, बडोद्यातच, समोर होळकरांचा संघ. विजय हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या विकेटला दोघांत 577 धावा! कुठल्याही विकेटसाठीचा हा जागतिक विक्रम 2006 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. "बघ," आजोबा सांगतात, "इथे रन म्हणजे धाव. निव्वळ पायानं काढलेली."

नातवंड पेन्सिल चावतं. "आणि चौकार मारला की?"

"चार धावा."

"त्यात धावतं कोण?"

आजोबा चष्मा काढून पुसायला घेतात. "आईला विचार. आणि येताना बघ, स्वयंपाकघरातला नळ रनिंग आहे वाटतं."