18 पूर्ण झाले म्हणून बाहेर काढायचं? ‘रिमांडच्या पोरांना रूम देऊ नका’ या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय. तालमीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, अपार्टमेंटचा ग्रुप, सगळीकडं तोच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: "घरमालकांनो सावध. आश्रमातली रिमांडची पोरं 18 झाली की सरकार त्यांना आपल्या कॉलनीत फुकट फ्लॅट घेऊन देतं, 10 लाख रोख आणि वर महिन्याला पगार, 21 वर्षांपर्यंत काहीही काम न करता. 18 झालं की माणूस मोठा, मग पोसायचं कशाला? नोकरीत आरक्षण पण त्यांनाच. एकदा सवय लागली की ही पोरं कधी स्वतःच्या पायावर उभी राहत नाहीत. रूम देऊ नका, पुढं पाठवा."

असले मेसेज मी डिलीट करते आणि कामाला लागते. पण हा माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशीचं फुलेवाडीत घर आहे, वरचा अख्खा मजला रिकामा, आणि एका संस्थेच्या ताई तिच्याशी बोलून गेल्या होत्या, बालगृहातून बाहेर पडणाऱ्या सहा मुलींसाठी जागा पाहिजे, भाडं संस्था भरणार, ॲग्रीमेंट रीतसर होणार, ताई स्वतः येऊन-जाऊन लक्ष ठेवणार. मावशी तयार होती. मेसेज वाचला आणि तिनं फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला म्हणते, "अगं रिमांडच्या पोरी त्या, उद्या काय झालं तर पोलीस आमच्याच दारात." सहा मुलींचं घर एका फॉरवर्डनं गेलं. म्हणून आता एकेक मुद्दा घेते.

आधी सगळ्यात घाण मुद्दा, "रिमांडची पोरं". म्हणजे काय तर गुन्हेगार, असं मेसेज लिहिणाऱ्याला सुचवायचंय.

बाल न्याय कायदा 2015 म्हणून कायदा आहे, तो उघडून बघा. त्यात दोन वेगळे रस्ते आहेत. ज्या मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, तो निरीक्षणगृहात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या रिमांड होममध्ये, राहतो. आणि ज्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे ते बालकल्याण समितीपुढं येतं आणि समिती त्याला बालगृहात ठेवते. ही दुसरी मुलं कोण? आईवडील नाहीत, किंवा आहेत पण सांभाळण्याच्या अवस्थेत नाहीत. रस्त्यावर भीक मागताना सापडलेली. हॉटेलात, भट्टीवर कामाला जुंपलेली. घरातल्याच माणसाकडून मारहाण किंवा अत्याचार सोसलेली. वय भरायच्या आधी लग्न लावून देणार होते म्हणून सोडवून आणलेल्या मुली. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला, जिला वाचवायला समितीनं घरातून उचललं, तिलाच आपण गुन्हेगार ठरवून दारातून परत पाठवतोय. मावशी, तुझ्याकडं येणार होत्या त्या मुली बालगृहातल्या होत्या. त्यांनी काही केलेलं नाही, त्यांच्या बाबतीत काहीतरी झालंय.

आता एक गोष्ट खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. 18 नंतरची मदत कलम 46 मध्ये आहे आणि तिथं ‘बाल संगोपन संस्थेतून बाहेर पडणारं कुठलंही मूल’ असं धरलंय, त्यामुळं निरीक्षणगृहातून किंवा विशेष गृहातून, म्हणजे गुन्हा केल्याचं ठरलेल्या मुलांना जिथं ठेवतात तिथून, आलेला एखादा मुलगाही त्यात बसू शकतो. पण त्याच कायद्याचं कलम 24 म्हणतं की अशा मुलाच्या माथी दोषी ठरल्याची अपात्रता चिकटवायची नाही. अपवाद आहे तो फक्त 16 वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयानं मोठ्या माणसासारखा खटला चालवून दोषी धरलंय त्याचा. बाकी मुलांना कायद्यानं पाटी कोरी करून दिलीय आणि आपण ती ग्रुपवर परत रंगवतोय. आणि भीतीच वाटत असेल तर कुठल्याही भाडेकरूची देतो तशी यांचीही माहिती पोलीस स्टेशनला द्या. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांची आपण जेवढी चौकशी करतो त्यापेक्षा जास्त माहिती या मुलांची आधीच सरकारी फायलीत असते, मागं संस्था असते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष या सरकारी कार्यालयाचा माणूस असतो. इतका पत्ता लागलेला भाडेकरू दुसरा कुठला मिळणार?

पुढचा मुद्दा, "18 झालं की मोठा, मग पोसायचं कशाला". ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवला त्यातल्या किती जणांची पोरं 18 व्या वाढदिवसाला घराबाहेर पडलीत? आपल्यात मुलगा इंजिनिअरिंग करून पुण्यात जॉबला लागला तरी पहिले काही महिने भाडं घरून जातं आणि यात कोणाला काही वावगं वाटत नाही, ते बरोबरच आहे. मग ज्याच्यामागं घर नाही त्यालाच बारावीच्या वर्षात एक पिशवी देऊन बाहेर काढायचं?

आणि त्याला बाहेरचं काय माहीत असतं ते तरी बघा. संस्थेत घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की जेवायचं. भाजी आणायला पाठवत नाहीत, पैसे हातात देत नाहीत, कारण मुलांची जबाबदारी अधीक्षकांवर असते, त्यात त्यांचाही दोष नाही. मी उद्यमनगरात अकाउंटचं काम बघते. आमच्या शेजारच्या शॉपमध्ये संस्थेत वाढलेला एक मुलगा लेथवर लागला होता, आयटीआय टर्नर, हात एकदम चांगला. पहिला पगार आठवड्यात संपला, अर्धा रूम पार्टनरनं उसना म्हणून नेला आणि उरलेला मोबाईलवर गेला. पगाराचा महिना काढायचा असतो, भाडं आधी बाजूला ठेवायचं असतं, हे त्याला सांगायला घरात कोणी नव्हतं. पीएफ कापलाय म्हणजे मालकानं पैसे खाल्ले असं त्याला वाटलं आणि तो भांडून काम सोडायला निघाला होता. गॅस कसा बुक करायचा, पत्ता बदलला की आधार आणि बँकेत काय करायचं, दवाखान्यात ॲडमिट व्हायची वेळ आली तर नातेवाईक म्हणून सही कोण करणार, हे आपल्याला आपसूक येतं कारण घरात बघत बघत आलंय.

दिवाळीचंच घ्या. कॉलेजचं होस्टेल दिवाळीत रिकामं होतं, मेस बंद, मे महिन्यातही तेच. बाकीची पोरं एसटी पकडून गावाला जातात. याचं गाव कुठलं? मधली एखादी जागा पाहिजे ती याच्यासाठी, जिथं स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, पगारातून भाड्याचा वाटा काढायचा, चुकलं तर विचारायला एक ताई किंवा दादा असायचा आणि सणाला कुलूप लागायचं नाही.

आता "फुकट फ्लॅट, 10 लाख, पगार". फ्लॅट कोणाच्याही नावावर होत नाही. 2016 च्या बाल न्याय आदर्श नियमांत नियम 25 आहे, त्यात लिहिलंय सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरती सामूहिक राहण्याची सोय. तात्पुरती, 21 वर्षांपर्यंत, अगदीच अपवाद असेल तर अजून दोन वर्षं, आणि तीही समितीच्या किंवा मंडळाच्या आदेशानं.

10 लाखांचं मूळ कुठं आहे ते मला सापडलं. कोविडमध्ये आईवडील दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी 2021 मध्ये पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन ही योजना आली. त्यात 18 व्या वर्षी 10 लाखांचा निधी होतो, त्यातून 23 पर्यंत दरमहा रक्कम मिळते आणि 23 ला निधी हातात येतो. ती योजना खरी आहे. पण ती त्याच मुलांसाठी आहे. बालगृहात आठव्या वर्षी आलेल्या, आई मनोरुग्ण असलेल्या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

"पगार" म्हणजे मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतले महिन्याला 4000 रुपये. कोल्हापुरात राहणाऱ्या कोणीही वही घ्यावी आणि खोलीभाडं, दोन वेळची मेस, केएमटीचा पास, मोबाईल रिचार्ज आणि कॉलेजची फी 4000 मध्ये बसवून दाखवावी. शिवाय कलम 46 ची भाषा बघा, मदत ‘देता येईल’ असं आहे. द्यावीच लागेल असं नाही. म्हणजे ग्रुपवर सगळे म्हणतायत सगळ्यांना सगळं मिळतं, आणि प्रत्यक्षात कित्येक मुलांना अशी काही सोय असते हे संस्था सोडताना कोणी सांगितलेलंही नसतं. राग यायचाच असेल तर याचा यावा.

"सवय लागते, आळशी होतात" याला उत्तर त्याच नियम 25 मध्ये आहे. राहण्याच्या सोयीबरोबर काय काय द्यायचं त्याची यादी आहे तिथं, प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन, कौशल्य शिकवून नोकरीला लावणं, नियमित भेटणारा समुपदेशक, धंदा टाकायचा असेल तर कर्जाची व्यवस्था, आणि शेवटी सरकारच्या किंवा संस्थेच्या आधाराशिवाय जगायला प्रोत्साहन. हा सगळा खटाटोपच आधार सुटावा म्हणून आहे. मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा तयार व्हायला पाहिजे असंही तिथं आहे. काही ठिकाणी नुसती कॉट दिली जाते आणि बाकी काहीच होत नाही, तिथं मुलं भरकटतात, हे मी नाकारत नाही. पण ते काम अर्धवट केल्यामुळं होतं. पूर्ण केल्यामुळं सवय लागली असं एक तरी उदाहरण त्या मेसेजमध्ये आहे का? नाव नाही, गाव नाही, काही नाही.

आरक्षणाचं लगेच संपवते. 2018 मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. 1 टक्का. परीक्षा तीच, अभ्यास तोच. आणि ते ज्यांच्या लढ्यामुळं मिळालं त्या अमृता करवंदे गोव्याच्या अनाथाश्रमात वाढल्या, 18 झाल्यावर तिथून बाहेर पडावं लागलं आणि पुण्यातली पहिली रात्र त्यांनी रेल्वे स्टेशनवर काढली. त्या आळशी होत्या का?

राहिलं "आपल्या कॉलनीत कशाला". हे वाक्य कोल्हापुरात लिहिलं जातंय याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. शाहू महाराजांना कळलं होतं की नुसती शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा नसेल तर शाळा असून नसल्यासारखी. कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा असेच बोर्डिंगात राहिले, आणि पुढं त्यांनी रयत काढली. आज दसरा चौकातून जाताना आपण ज्या इमारती अभिमानानं पाहुण्यांना दाखवतो त्या सगळ्या दुसऱ्याच्या पोरांना जागा देण्यासाठीच उभ्या राहिल्यात.

ज्यांना हे पटतंय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. नियम 25 प्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षानं 18 वरच्या मुलांना मदत करू इच्छिणाऱ्यांची यादी ठेवायची असते आणि त्यात संस्थांबरोबर साध्या व्यक्तींचीही नावं चालतात. खोली भाड्यानं देणारे, शॉपमध्ये हाताखाली घेऊन काम शिकवणारे, बँकेचे फॉर्म भरायला रविवारी तासभर देणारे, कोणीही. कक्षात जाऊन नाव द्या. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवर आलाय त्याच ग्रुपवर हे टाका.