बोर्ड हिरवागार कसा ठेवावा

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ग्रुपवर मेसेज पडतो: ‘टीम, सहाला क्लायंट कॉल आहे, प्लीज बोर्ड अपडेट करा.’ बोर्ड म्हणजे स्क्रीनवरचा तक्ता: प्रत्येक काम एक तिकीट, काम सरकेल तसं ते कॉलमामागून कॉलम पुढे जातं, शेवटचा कॉलम ‘डन’, हिरवा. अपडेट करा म्हणजे तिकिटं डनमध्ये ओढा, हे ज्याला वेगळं सांगावं लागतं तो अजून ट्रेनिंगमध्येच आहे. परवाच्या शुक्रवारी हा मेसेज आला तेव्हा ‘इन क्यूए’मधल्या, म्हणजे टेस्टरकडे तपासणीला असलेल्या, तिकिटांचा बिल्डसुद्धा (तपासायचं तयार सॉफ्टवेअर) टेस्ट सर्व्हरवर चढला नव्हता. तरी सहाच्या ठोक्याला सगळं हिरवं. ही किमया इतरांनाही साधावी म्हणून नव्याने मॅनेजर, प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) किंवा स्क्रम मास्टर (‘स्प्रिंट’ नावाच्या छोट्या टप्प्यांत काम करायच्या ‘स्क्रम’ पद्धतीचा राखणदार) झालेल्यांसाठी या सूचना. उदाहरणं जिरा या तिकिटं सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण बहुतेकांच्या नशिबी तेच आहे. अझ्युअर डेव्हऑप्सवाल्यांनी बटणांची नावं बदलून घ्यावीत.

सुरुवात वर्कफ्लोपासून, म्हणजे तिकीट कुठल्या स्टेटसमधून कुठल्यात जाईल त्या वाटेपासून. तीन स्टेटसमध्ये काम भागतं, पण त्यात तुमचा रुबाब दिसत नाही. ओपन, इन प्रोग्रेस, डेव्ह डन, कोड रिव्ह्यू, रेडी फॉर क्यूए, इन क्यूए, क्यूए डन, यूएटी (क्लायंटने स्वतः करायची चाचणी), रेडी फॉर रिलीज आणि मग डन, एवढे मुक्काम तरी हवेतच. प्रत्येक मुक्कामावरून फक्त पुढच्यावर जाता येईल असं ट्रान्झिशन बांधा. चुकून पुढे सरकलेलं तिकीट मागे आणायला वाट ठेवू नका. शेवटच्या ट्रान्झिशनला अट घाला की क्लोज फक्त रिपोर्टर, म्हणजे तिकीट नोंदवणारा, करेल. रिपोर्टरने राजीनामा दिला की तिकीट अमर. वर्कफ्लो बदलायचा हक्क अर्थातच एकट्या ॲडमिनकडे, आणि ॲडमिन अशा देशात की आपली दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र.

बगच्या फॉर्मवर ‘रूट कॉज’ हा रकाना अनिवार्य करा, तोही बग नोंदवतानाच. बग का आला हे शोधण्यासाठीच तर तो नोंदवायचा असतो, असली शंका टेस्टरला येईल. येऊ द्या. तो रकान्यात एक टिंब देईल आणि पुढे जाईल. वर्षाअखेरीस त्या टिंबांचा पाय चार्ट काढता येतो. बिल्ड नंबर, एन्व्हायर्नमेंट आणि बग पुन्हा घडवायच्या पायऱ्या हे तीन रकाने मात्र ऐच्छिक ठेवा, म्हणजे ‘माझ्याकडे चालतंय’ आणि ‘माझ्याकडे नाही चालत’ एवढ्यावर कॉमेंटचा धागा तीन दिवस छान रंगतो.

स्टोरीच्या, म्हणजे वापरणाऱ्याला हव्या असलेल्या एखाद्या सोयीच्या तिकिटाच्या, वर्णनात ‘ॲज डिस्कस्ड’ एवढंच लिहा.

लेबल बदलायला चारशे तिकिटं एकदम निवडा आणि बल्क चेंजमधली मेल पाठवायची टिक तशीच राहू द्या. सोमवारी सकाळी टीमला वाचायला काहीतरी हवं.

व्हेलॉसिटीचा, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटांचं काम संपलं त्या आकड्याचा, उपयोग टीमनेच आपल्या पुढच्या स्प्रिंटचा अंदाज बांधण्यापुरता करावा, असं पुस्तकी लोक म्हणतात. तुम्ही ती दोन टीममध्ये तुलना करायला वापरा. पुण्याच्या टीमचे ३४ पॉइंट, चेन्नईच्या टीमचे ५५, मग पुणेकर काय झोपा काढतात का, असा मेल सगळ्यांना सीसी ठेवून टाका. स्टोरी पॉइंट हे कामाच्या आकाराचं माप ज्या त्या टीमपुरतंच असतं, त्याला मीटर-किलोसारखं प्रमाण नाही, हे कोणी सांगू लागलं तर त्याला ‘निगेटिव्ह’ म्हणा. पुढच्या स्प्रिंटला फरक दिसेलच. काल ३ असलेली स्टोरी आज ५ होईल, ५ची ८, ८ची १३. कोडमध्ये एका ओळीची भर न पडता व्हेलॉसिटी दीडपटीच्या वर. ते यश तुमच्या अप्रेझलमध्ये घाला. सोबत ‘एक पॉइंट म्हणजे आठ तास’ हा नियमही लावून टाका. मग पॉइंट कशाला, सरळ तासच लिहा ना, हे विचारायचं धाडस कोणी करत नाही.

डेली स्क्रमला, म्हणजे टीमच्या रोजच्या बैठकीला, स्क्रम गाइडने (स्क्रमची अधिकृत पुस्तिका) १५ मिनिटं दिली आहेत. तुम्ही बोर्ड शेअर करून वरून खाली नावागणिक फिल्टर लावा, शाळेतल्या हजेरीसारखे एकेकाला उभे करा, पाऊण तास आरामात निघतो. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ ही प्रश्नावली गाइडने २०२० च्या आवृत्तीत काढून टाकली. तुम्ही चालू ठेवा. अडचण ऐकून ‘ऑफलाइन घेऊ’ म्हणा. ऑफलाइन कधीच काही घ्यायचं नसतं.

शुक्रवारी सगळ्यांचा वर्क लॉग बरोब्बर ४० तास भरला पाहिजे. जिराच्या मूळ सेटिंगमध्ये आठवडा ४० तासांचाच असतो, त्यामुळे खरं काय झालं हे कुणी विचारत नाही.

आता मुख्य कौशल्य: क्यूए. दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणजे कामाचे दहा दिवस. पहिला अर्धा दिवस प्लॅनिंगचा, शेवटचा रिव्ह्यू (झालेलं काम दाखवायचं) आणि रेट्रोचा (काय चुकलं ते बोलायचं). स्प्रिंटमध्ये १३ पॉइंटांच्या मोठ्या स्टोऱ्या घ्या, तोडू नका, म्हणजे आठव्या दिवसापर्यंत सगळं ‘इन प्रोग्रेस’मध्ये निळंशार राहतं. नवव्या दिवशी कोड रिव्ह्यू, त्याच संध्याकाळी बिल्ड, बिल्ड पडला तर रात्री पुन्हा. दहाव्या दिवशी सकाळी सगळी तिकिटं एकदम क्यूएच्या कॉलममध्ये कोसळतात आणि संध्याकाळी कॉल असतो. नव्या स्टोऱ्याही तपासायच्या आणि जुनं काही मोडलं नाही ना तेही बघायचं, ते एकट्या टेस्टरने, एका दिवसात. कॉलमला लिमिट लावलेली असेल तर तो लाल होतो. ती लिमिट असते कशासाठी? तीन तिकिटं क्यूएत अडकली की डेव्हलपरनी नवीन काम उचलायचं नाही, आधी ती सोडवायला हात लावायचा, एवढ्यासाठी. पण तुम्ही काय करता? लिमिट ३ची ३० करता. लाल गेला!

आणि मग ओढाओढ. डनमध्ये ओढताना रिझोल्यूशन (तिकीट निकालात निघालं याची नोंद) आपोआप भरणारं पोस्ट फंक्शन वर्कफ्लोत कुणी घातलेलंच नसतं. बर्नडाउन, म्हणजे उरलेल्या कामाचा आलेख, बघतो शेवटचा कॉलम, त्याच्या मते काम संपलं. क्रिएटेड व्हर्सेस रिझॉल्व्हड (किती तिकिटं निघाली, किती मिटली) रिपोर्ट बघतो रिझोल्यूशन, त्याच्या मते काहीच संपलेलं नाही. आकडे जुळत नाहीत म्हणून पुन्हा टेस्टरलाच बोलावून ‘डेटा क्लीन’ करायला बसवता. सोमवारी तीच स्टोरी यूएटीत फुटते. ती पुन्हा उघडत नाही तुम्ही, कारण मग मागच्या स्प्रिंटचा चार्ट बिघडेल असं तुम्हाला वाटतं. नवीन बग काढता, त्याला वेगळे ३ पॉइंट देता. म्हणजे एकदा नीट न केल्याचे पॉइंट, परत केल्याचे पॉइंट. काम जितकं वाईट तितकी व्हेलॉसिटी जास्त. आणि त्या आलेखाखाली ‘कंटिन्यूअस इम्प्रूव्हमेंट’ लिहून क्लायंटला पाठवता, लाज नाही वाटत?

पुरे झाल्या सूचना. स्क्रम गाइडनं २०११ सालीच स्पष्ट केलंय की स्प्रिंटमध्ये घेतलेलं काम हा अंदाज असतो, लेखी वचन नसतं. जे डेफिनिशन ऑफ डनमध्ये (काम पूर्ण कधी म्हणायचं त्या अटींत) बसत नाही ते रिव्ह्यूत दाखवायचंसुद्धा नाही, ते बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) परत जातं, हेही त्यातच लिहिलंय. एवढीशी पुस्तिका आहे, तेवढी वाचायला एक संध्याकाळ काढता येत नाही? कॉलवर ‘या दोन स्टोऱ्या राहिल्या, पुढच्या स्प्रिंटला येतील’ हे एक वाक्य तुमच्या तोंडून निघत नाही, म्हणून अख्ख्या टीमने शुक्रवारी खोटं बोलायचं आणि शनिवारी ते निस्तरायचं. क्लायंट काही दुधखुळा नाही, यूएटीत त्याला सगळं कळतंच. तुम्ही फक्त त्याला उशिरा कळवता.

स्टोऱ्या फोडा. पहिली स्टोरी तिसऱ्या दिवशी टेस्टरच्या हातात पडली पाहिजे. रिझोल्यूशनचं पोस्ट फंक्शन लावून घ्या, ॲडमिनला पाच मिनिटं लागतात. ॲडमिन झोपलेला असेल तर मेल टाकून ठेवा. आणि न तपासलेलं तिकीट डनमध्ये न्यायचंच असेल तर टेस्टरला ‘जरा ओढ ना’ म्हणू नका, स्वतःच्या लॉगिनने ओढा. तिकिटाच्या हिस्टरीत ओढणाऱ्याचं नाव आणि वेळ दोन्ही राहतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच तर दुसऱ्याला सांगता.