चवदार तळे ठरावाने खुले झाले नाही

"पुतळ्याचा इतिहास सांगायचा सोडून अर्धा लेख कोर्टकचेरीवर घालवलात, तळे तर महाड नगरपालिकेने सत्याग्रहाआधीच खुले केले होते," असे तुम्ही महाडच्या चवदार तळ्याकाठच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यावरील माझ्या लेखाबद्दल लिहिले आहे.

ठराव झाला होता, हे खरे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. पण कागदावर! तळ्याभोवती बहुतेक घरे सवर्णांची. त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात घागर बुडवायची अस्पृश्यांची सोय नव्हती. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. लगेच आवई उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. त्या वेळी महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्या माणसांना मारहाण झाली. पुढे पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले गेले. तळे खरोखर खुले असते, तर यातले काही घडलेच नसते.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी मात्र त्या खेपेला कोणी प्याले नाही. कोर्टाचा मान राखून सत्याग्रहींनी तळ्याला मिरवणुकीने वळसा घातला. संतापलेल्या हजारो माणसांनी पाळलेला हा संयम मला मार्चमधल्या धैर्याइतकाच मोलाचा वाटतो.

दावा अपिलांतून वर जात राहिला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. ठरावाला तोवर तेरा वर्षे झाली होती. ही तेरा वर्षे गाळून पुतळ्याची कथा मला सांगताच येणार नाही. बाबासाहेबांचे पुतळे गावोगाव आहेत. महाडचा पुतळा ज्या पाण्यापाशी उभा आहे, त्या पाण्यावर खटला चालला होता. २० मार्चला येणारी माणसे पुतळ्याला हार घालून ते पाणी ओंजळीत घेतात, ते त्यामुळेच.

तुम्ही स्वतः महाडचे आहात. त्या दाव्याच्या काळातले कागद किंवा ऐकीव आठवणी तुमच्या घरात असतील, मग त्या कोणत्याही बाजूच्या असोत, तर जरूर कळवा. मला त्या वाचायच्या आहेत.