मी तर झोपलो होतो, साहेब!

वाचकहो, एखाद्या बड्या घराण्यावर खुनाचा संशय आला तर सुजाण नागरिकानं कसं वागावं, याचं मार्गदर्शन मराठीत कुठेच मिळत नाही. ही उणीव आज मी भरून काढणार आहे. माझी पात्रता विचाराल, तर ती अकरा दिवसांची आहे. अकरा दिवसांपूर्वी रात्री पावणेबाराला आमच्या सोसायटीच्या गेटवर एका गाडीनं वॉचमनला उडवलं. वाचला बिचारा, पायात रॉड टाकलाय. गाडी कुणाच्या घरची, चालवत कोण होतं, हे ८८ च्या ८८ फ्लॅटना ठाऊक आहे. पाहिलं मात्र कुणीच नाही. त्या रात्री आमची अख्खी सोसायटी साडेदहालाच झोपली होती. मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत गेली होती, तरी.

आता खून कुठे आणि वॉचमनचा पाय कुठे, असं म्हणाल. थांबा जरा. हीच मंडळी महिनाभरापूर्वी बागेतल्या बाकांवर बसून जेसिका लाल खटल्यावर बोलत होती. ग्रुपवर कुणीतरी जुनी क्लिप टाकली होती. ‘काय माणसं असतात हो! डोळ्यांदेखत गोळी घातली, आणि कोर्टात म्हणे आम्ही काही पाहिलंच नाही!’ हे आमचे सेक्रेटरी. ‘आपण असतो ना तिथे, तर...’ हे बी विंगचे निवृत्त बँक मॅनेजर. त्यांच्या या ‘तर’च्या पुढचं वाक्य काय असतं, ते मला गेल्या अकरा दिवसांत कळलं. म्हणून हा प्रपंच.

सूचना पहिली. संशय भरपूर घ्यावा, पण लिफ्टमध्ये घ्यावा. दार बंद झाल्यावर आवाज खाली न्यावा आणि नाव अजिबात घेऊ नये. ‘ते’ म्हणावं, किंवा नुसती भुवई वर करावी. आपल्याला सगळं आतून कळलंय, असा चेहरा ठेवावा. तळमजला आला की ‘जाऊ दे, आपल्याला काय करायचंय’ म्हणून बाहेर पडावं.

सूचना दुसरी. अशा वेळी आपण तिथे नव्हतो. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे, म्हणून उदाहरणासकट देतो.

दिल्लीत मेहरौलीला कुतुबमिनाराच्या कुशीत एक उंची रेस्टॉरंट होतं. २९ एप्रिल १९९९ च्या रात्री तिथे पार्टी होती, पाहुणे शेकड्यांनी. सगळे नामांकित, कुणी फॅशनवाले, कुणी उद्योगपती, कुणी कुणाचे चिरंजीव. दारूचा परवाना नव्हता, पण त्याचं कुणाला काय! बारवर जेसिका लाल नावाची मॉडेल होती. रात्री दोनच्या सुमाराला मनू शर्मा आपल्या मित्रांना घेऊन आला आणि त्यानं दारू मागितली. वडील विनोद शर्मा, काँग्रेसचे नेते, केंद्रात मंत्री राहिलेले. ती म्हणाली, बार बंद झालाय. हजार रुपये देतो म्हणाला, तरी ती नाहीच म्हणाली. त्यानं .२२ चं पिस्तूल काढलं, एक गोळी छताला मारली आणि दुसरी तिच्या डोक्यात.

आता या प्रसंगी आदर्श नागरिकांनी काय केलं ते पाहा. कुणी दहाच मिनिटं आधी निघून गेला होता. कुणी तेवढ्यात वॉशरूममध्ये होता. कुणाला आवाज आला, पण तो फटाक्यासारखा वाटला. पोलीस यायच्या आत सांडलेलं रक्त पुसलं गेलं होतं. पिस्तूल तर आजतागायत सापडलेलं नाही. सात वर्षं खटला चालला, एकेक साक्षीदार उलटत गेला, आणि २१ फेब्रुवारी २००६ ला नऊच्या नऊ आरोपी निर्दोष सुटले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयानं ३२ साक्षीदारांकडे खुलासा मागितला, तुमच्यावर खोट्या साक्षीची कारवाई का करू नये म्हणून. बत्तीस! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एवढा कोरम होत नाही.

सूचना तिसरी. भाषा विसरायला शिका. या खटल्याची फिर्याद ज्याच्या नावावर होती, तो शायन मुन्शी नावाचा मॉडेल त्या रात्री बारवरच होता. कोर्टात उभा राहिल्यावर तो म्हणाला, माझा जबाब पोलिसांनी हिंदीत लिहिला आणि मला तर हिंदी येतच नाही. शिवाय गोळ्या दोन वेगवेगळ्या माणसांनी झाडल्या, असंही त्याला आठवलं. हे गृहस्थ पुढे हिंदी सिनेमात काम करते झाले. मग २००६ मध्ये एका छुप्या कॅमेऱ्यापुढे छान हिंदी बोलतानाही सापडले. आपल्याकडे ही युक्ती आणखी सोपी आहे. जबाब शुद्ध मराठीत लिहिलेला असतो, आणि ‘सदर इसमाने भरधाव वेगात हयगयीने’ हे वाचून मला तरी कुठे काय कळतं?

सूचना चौथी. मेणबत्त्या आधीच आणून ठेवाव्यात, ऐनवेळी दुकानात मिळत नाहीत.

पाचवी. आरोपीचं वय काहीही असो, ‘पोरगं लहान आहे हो’ म्हणावं. फारच कुणी अंगावर आला तर त्या पोराला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला लावावा. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको.

सहावी सूचना अशी की, प्रश्न नेहमी मेलेल्या माणसाला विचारावेत. जेसिका इतक्या रात्री तिथे काय करत होती? काम करत होती, असं उत्तर कुणी दिलं तर ते ऐकू आलं नाही असं दाखवावं. नितीश कटारा (त्याच्या खुनाची गोष्ट पुढे येईलच) मोठ्या घरच्या मुलीच्या प्रेमात पडलाच कशाला? आपली पायरी ओळखायला नको? हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून. आणि परवा तर कमालच झाली. आमच्या सी विंगमधल्या काकू मला म्हणाल्या, ‘पण तो वॉचमन मध्येच का उभा होता?’

गेटवर, काकू. वॉचमन गेटवर उभा होता. आपण त्याला गेटवर उभं राहायचेच पैसे देतो. तेही दहा तारखेच्या पुढे, आणि दिवाळीची पन्नासची नोट देताना तुम्ही दोनदा विचार करता म्हणून. त्यानं कुठे उभं राहायला हवं होतं? टेरेसवर? गाडीचा हॉर्न ऐकला की त्यानं धावत जाऊन पार्किंगच्या खांबामागे लपायला हवं होतं? तुमचा नातू रात्री क्लासवरून येतो तेव्हा त्याची सायकल धरायला हाच माणूस ‘मध्ये’ येतो, तेव्हा नाही विचारलंत कधी! मी त्याला रिक्षात घातलं तेव्हा तो वेदनेनं ओरडतही नव्हता. ‘साहेब, रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहिलाय,’ एवढंच सांगत होता. सकाळी मी रजिस्टर पाहायला गेलो. ते पान नव्हतं.

माफ करा. मी उपरोधिक लेख लिहीत होतो.

सूचना सातवी. (का आठवी? चिडलो की माझी मोजणी चुकते.) कॅमेऱ्याला दोष द्यावा. कॅमेरा बोलत नाही, रागावत नाही, मेंटेनन्सही थकवत नाही. आमचे सेक्रेटरी म्हणाले, ‘गेटचा कॅमेरा आहे हो, पण त्याचं तोंड जरा झाडाकडे झालंय.’ कधी झालं? ‘वाऱ्यानं.’

आठवी. बड्या घरी आजारपण फार असतं, तेव्हा सहानुभूती बाळगावी. २००९ मध्ये मनू शर्माला पॅरोल मिळाला. जी कारणं दिली होती, त्यात आईचं आजारपण होतं. नंतर बातम्या आल्या की आई चंदीगडला जाहीर कार्यक्रमात दिसल्या आणि चिरंजीव दिल्लीच्या नाइट क्लबमध्ये. हवापालट हो, दुसरं काय!

नववी सूचना न्यायाधीशांबद्दल देणार होतो, पण तिथे माझ्यासारख्याचा उपरोध लुळा पडतो. प्रियदर्शिनी मट्टू ही दिल्लीत कायद्याचं शिकणारी मुलगी १९९६ च्या जानेवारीत मारली गेली. आरोपी संतोष सिंह बड्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. १९९९ मध्ये त्याला सोडताना न्यायाधीशांनी निकालातच लिहिलं, की गुन्हा यानंच केलाय हे मला माहीत आहे, पण तपास असा झालाय की संशयाचा फायदा द्यावाच लागतो. सुटल्यावर तो वकील झाला. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये दोषी ठरवेपर्यंत काळा कोट घालून कोर्टात जात होता. या वाक्यात मी कुठे विनोद घालू, तुम्हीच सांगा.

आता ‘अशांचं कधीच काही होत नाही’ या लाडक्या वाक्याकडे वळू. हे वाक्य वापरायला उत्तम. यात अन्यायाची चीडही दिसते आणि आपल्याला काही करावंही लागत नाही. फक्त एक अडचण आहे, ते खरं नाही. जेसिकाच्या खटल्यात उच्च न्यायालयानं त्याच २००६ च्या डिसेंबरमध्ये मनू शर्माला जन्मठेप दिली. कागद तेच, साक्षी त्याच. रेस्टॉरंटच्या मालकीणबाई बीना रमाणी यांनी त्याला गर्दीत अडवलं होतं, पिस्तूल कुठे आहे म्हणून विचारलं होतं, आणि त्या कोर्टातही तेच बोलल्या. त्यांच्यासारखे मोजके जण उलटले नाहीत, म्हणून निकाल उलटला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. २०२० मध्ये मनू शर्मा मुदतीआधी सुटला हेही खरं, तेव्हा फार आनंदून जाऊ नका. पण त्याआधी बरीच वर्षं आत होता. तोवर जेसिकाचे आईवडील दोघंही गेले होते. सगळी लढाई बहिणीनं, सबरीनानं, ओढली. २०२१ मध्ये तीही गेली.

आणि नितीश कटारा. मनू शर्माबरोबर त्या रात्री विकास यादव होता, उत्तर प्रदेशातले बाहुबली नेते डी. पी. यादव यांचा मुलगा. जेसिका प्रकरणात जामिनावर असतानाच त्यानं आपल्या चुलत भावाच्या साथीनं १६ फेब्रुवारी २००२ च्या रात्री गाझियाबादच्या एका लग्नातून नितीशला उचललं. कारण काय, तर बहिणीचं त्याच्यावर प्रेम होतं. हातोड्यानं मारून जाळलेला देह बुलंदशहरकडे खुर्जाला सापडला. आई नीलम कटारांनी तो ओळखला तो हाताच्या पंजावरून. खटला गाझियाबादेत नीट चालणार नाही म्हणून त्यांनी तो दिल्लीला हलवून घेतला आणि पुढची चौदा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माफीशिवाय २५ वर्षांवर शिक्कामोर्तब केलं.

पण मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आठवतो तो स्कूटरवाला. त्या रात्री रस्त्यात त्याची स्कूटर बंद पडली होती. मागून टाटा सफारी आली, वाटेत स्कूटर होती म्हणून आतून कुणीतरी खेकसलं, आणि त्यानं आत बसलेल्यांचे चेहरे पाहिले. नितीश त्या गाडीत होता. एवढंच त्याचं प्रकरणाशी नातं. ना नात्याचा, ना पार्टीचा पाहुणा. घरी जाऊन ‘मी तर झोपलो होतो, साहेब’ म्हणाला असता तर जगात कुणीही त्याला बोल लावला नसता. तो गेला आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्या साक्षीपायी पुढची कैक वर्षं त्याला पोलीस संरक्षणात काढावी लागली, पण शब्द फिरवला नाही.

भीती मला कळते. वॉचमनच्या बायकोला मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘साहेब, आमची खोली त्यांच्याच चाळीत आहे.’ मी पुढे एक शब्द बोललो नाही. तिला भ्यायचा हक्क आहे. तुमची खोली कुणाच्या चाळीत आहे? तीन बेडरूमचे फ्लॅट तुमचे, मुलं कॅनडात, पेन्शन बँकेत, आणि तुम्ही कशाला घाबरता? त्यांच्या गणपतीचं आमंत्रण येणार नाही म्हणून? रस्त्याचं काम आपल्या गल्लीत आधी होणार नाही म्हणून? साक्षीदारांना संरक्षण द्यायची योजना २०१८ पासून आहे, ती मागायची तर आधी साक्षीदार तर व्हा. मी एकटा ठाण्यात तीन तास बाकावर बसलो होतो. ठाणे अंमलदार मला म्हणाले, ‘तुम्हीच एकटे कसे काय जागे होता?’ या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होतो? खोटं बोलून तुमची इज्जत वाचवू?

बी विंग, चौथा आणि पाचवा मजला, गॅलरीत चार मोबाइलचे दिवे मी स्वतः पाहिलेत. मॅनेजरसाहेब, त्यातला एक तुमचा होता. तुमच्या मेहुण्याला तो व्हिडिओ गेलाय, त्याच्याकडून तो फिरत माझ्या भाच्यापर्यंत नागपूरला पोचला. नागपूरला पोचतो, आणि समोरच्या चौकातल्या पोलीस ठाण्यात पोचत नाही? त्या दिल्लीकरांना तुम्ही शिव्या घालत होता ना बागेत बसून? त्यांच्यापेक्षा तुम्ही कुठे बरे आहात ते एकदा मला समजावून सांगा. तिथे निदान पिस्तूल तरी होतं.

आणि सेक्रेटरीसाहेब, कॅमेऱ्याचं तोंड झाडाकडे नाही. मी काल शिडी लावून पाहिलं. ते गेटकडेच आहे. आपला डीव्हीआर पंधरा दिवसांनी जुनं पुसून वर नवं लिहितो. आज अकरावा दिवस आहे. किल्ली तुमच्याकडे आहे.