कोनशिला आपली, कारकून त्यांचा

मालदीव, नेपाळ, बांगलादेश, यांपैकी कुठेही भारताविरुद्ध घोषणा झाल्या की आपल्या वाहिन्यांवर आणि व्हॉट्सॅपवर ठरलेला प्रश्न फिरू लागतो: यांना पैसे द्यायचेच कशाला? जर्मनीत राहणाऱ्याला यात नवीन काही वाटत नाही. 2024 च्या सुरुवातीला इथे पेरूतल्या सायकलमार्गांवरून असाच गदारोळ झाला. आमच्या करातून तिकडे सायकली कशाला, असा सवाल होता. वादात फिरणाऱ्या आकड्यातला बराचसा पैसा परत येणारं कर्ज होता, पण तेवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

दोन्हीकडचं भांडण रकमेवर आहे. तो पैसा एकट्याने दिला की चौघांनी मिळून, आणि तो कुणाच्या हातून खर्च झाला, हे विचारलं जात नाही. माझ्या मते मदत लागू पडते की वाया जाते, याचं निम्मं उत्तर तिथे असतं.

युक्रेनचं उदाहरण घ्या. 2014 पर्यंत तिथे सुमारे 11 हजार ग्राम व नगर परिषदा होत्या. कित्येकांची लोकसंख्या हजाराच्याही आत. कर्मचाऱ्यांचे पगार भागवले की तिजोरी रिकामी. फेब्रुवारी 2015 मध्ये गावांनी स्वेच्छेने एकत्र यावं असा कायदा झाला. त्यातली मेख अशी की एकत्र आलेल्या गावांच्या नव्या घटकाला, म्हणजे ह्रोमादाला, तिथे जमा होणाऱ्या वैयक्तिक प्राप्तिकराचा 60 टक्के वाटा मिळणार, आणि वेगळं राहणाऱ्या गावाला त्या करातलं काहीच नाही. सुरुवातीला कुरकुर झाली, शेजारच्या गावाचं उत्पन्न वाढताना दिसलं तसे ठराव येऊ लागले. जे उरले त्यांना सरकारने शेवटी हुकमाने जोडलं. 2020 मध्ये एकूण 1,469 ह्रोमादा झाले.

मदत करणारे देश इथे दुसऱ्या रांगेत होते. युरोपीय संघ, जर्मनी, स्वीडन, पोलंड, डेन्मार्क, एस्टोनिया आणि स्लोव्हेनिया यांचा पैसा ‘यू-लीड’ नावाच्या एकाच कार्यक्रमात आला. तो 2016 मध्ये सुरू झाला. सात जणांनी सात कार्यालयं थाटली नाहीत. काम राबवलं प्रामुख्याने जर्मनीच्या ‘जीआयझेड’ने आणि स्वीडनच्या ‘सिडा’ने, म्हणजे त्या त्या देशाच्या सरकारी विकाससंस्थांनी. स्वित्झर्लंड, अमेरिका, कॅनडा यांचे वेगळे कार्यक्रम होते. या सगळ्यांसाठी संबंधित मंत्रालयाबरोबर देणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि कुणी काय करायचं याचा सामायिक आराखडा होता. असं मंडळ नसेल तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकाच सरपंचाला एकाच महिन्यात तीन देश ‘अर्थसंकल्प कसा करावा’ हे शिकवतात, आणि पाण्याच्या मीटरचा हिशोब कसा ठेवायचा हे कुणीच शिकवत नाही.

या पैशातून दिसणारी गोष्ट म्हणजे नागरी सेवा केंद्र. आपल्या सेतू केंद्राचा थोरला भाऊ म्हणा. दारात टोकनचं यंत्र, आत एका ओळीत उघडी टेबलं, आणि एकाच कारकुनाकडे रहिवासाची नोंद, जमिनीचा उतारा, अनुदानाचा अर्ज. देणाऱ्यांनी टेबलं, संगणक, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण दिलं, पगार ह्रोमादाचा. लांबच्या वस्त्यांसाठी केंद्राच्या गाड्या फिरतात. अडलं कुठे? पासपोर्टची यंत्रणा महाग, त्यामुळे ती सगळीकडे पोहोचली नाही. केंद्रीय खाती आपल्या नोंदवह्या उघडायला तयार नव्हती, आणि ते कुलूप परदेशी पैशाने उघडत नाही. शिवाय शिकून तयार झालेला कारकून दुप्पट पगारावर एखाद्या परदेशी प्रकल्पात जायचा. हा रोग देणाऱ्यांनीच लावलेला, आणि त्यावर त्यांच्याकडे आजही धड औषध नाही.

आता नेपाळ. 2015 च्या संविधानानंतर तिथे 753 स्थानिक सरकारं उभी राहिली, 2017 आणि 2022 मध्ये निवडणुका झाल्या. लोकशाही सुधारणेचं एवढं मोठं काम आपल्या उंबऱ्यावर चाललेलं, आणि आपण तिथे काय देतो? इमारती. 2003 पासून शाळा, आरोग्य चौक्या, पाणीयोजना असे पाचशेहून अधिक छोटे प्रकल्प. जानेवारी 2024 मध्ये प्रत्येक प्रकल्पाची मर्यादा 5 कोटींवरून 20 कोटी नेपाळी रुपये झाली, म्हणजे आपले साडेबारा कोटी. काम तिथल्या स्थानिक संस्थांमार्फतच होतं, ही चांगली गोष्ट. पण त्या संस्थेचा हिशोब, कर्मचारी, करवसुली सुधारण्यासाठी 2019 पासून जो सामायिक कार्यक्रम चालला, त्यात पैसा युरोपीय संघ, ब्रिटन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडचा. देणाऱ्यांच्या यादीत भारत नाही. तिथलं दुखणंही आपल्या ओळखीचं आहे: मुख्य प्रशासकीय अधिकारी केंद्रातून येतो आणि बस्तान बसायच्या आत बदली होऊन जातो.

आपल्याकडे याचं समर्थन ठरलेलं: आम्ही अटी घालत नाही, कुणाच्या घरात डोकावत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण 2015 ची भारत-नेपाळ सीमेवरची नाकेबंदी (दिल्लीने ती कधीच मान्य केली नाही) नेपाळी माणूस विसरलेला नाही. अशा ठिकाणी भारताचा एकटा सल्लागार पालिकेत बसला तर उद्या रस्त्यावर मोर्चा येईल. चार देशांच्या पंगतीत तोच माणूस बसला तर घेणाऱ्या सरकारला त्याचं समर्थन करणं सोपं जातं, आणि नको तेव्हा नाही म्हणणंही. अमेरिकेने 2025 मध्ये ‘यूएसएड’ ही आपली परदेशी मदत देणारी संस्था गुंडाळली, तेव्हा एकाच देणाऱ्यावर चाललेली कामं रातोरात थांबली. सामायिक कामाला निदान दुसरा खांदा असतो.

शिकवायला आपल्याकडे माणसं आहेत. पुण्याची ‘यशदा’ सरपंच आणि ग्रामसेवकांना वर्षानुवर्षं प्रशिक्षण देते. घरपट्टी का थकते, ग्रामसभेची गणपूर्ती का होत नाही, हे तिथल्या प्रशिक्षकाला स्टॉकहोमच्या तज्ज्ञापेक्षा जास्त कळतं. अडचण ऑडिटची येईल. सामायिक निधीत टाकलेला रुपया नेमका कुठल्या खुर्चीवर खर्च झाला हे दाखवता येत नाही, आणि आपल्या लेखापरीक्षणाला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला लागतो. त्यावर उपाय जुनाच आहे: रोख न टाकता माणसं द्यायची, त्यांचा पगार आणि प्रवास दिल्लीने थेट करायचा, कामाची यादी मात्र काठमांडूत सगळ्यांबरोबर बसून ठरवायची. त्या बैठकीत भारताची खुर्ची मधली नसेल आणि इमारतीवर पाटीही लागणार नाही. दिल्लीची खरी तयारी तिथे लागेल.