वीस सेकंदांचा धनी कोण?

रविवारी संध्याकाळी मन्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आला तोच फणफणत. बूड टेकायच्या आधी सुरू झाला, "मेग व्हाइटला घेतलं आत! आणि रशला किती वर्षं दारात उभं ठेवलं होतं, आठवतंय ना?"

विषय रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा, म्हणजे नावाजलेल्या कलाकारांना मानानं आत घेणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचा. मन्या कॉलेजात असल्यापासून ड्रम्स वाजवतो आणि रश या बँडचा ड्रमर नील पिअर्ट हे त्याचं दैवत. पहिली रेकॉर्ड निघून २५ वर्षं झाली की कलाकार या हॉलसाठी पात्र होतो. रशचा पहिला अल्बम १९७४चा, पण त्यांना आत घेतलं २०१३ साली. मेग व्हाइट ज्यात ड्रम्स वाजवायची त्या द व्हाइट स्ट्राइप्सचा पहिला अल्बम १९९९चा आणि २०२५ साली ते आत. मन्याच्या पोटात दुखतं ते इथे.

"'टॉम सॉयर'मध्ये मधेच सात मात्रा येतात, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. असा वाजवायचा तो. आणि ही काय वाजवते? धप, धप, धप, धप."

"हो, धप धपच वाजवते," प्राजू म्हणाली. "आणि त्या धपधपीवर अख्खं फुटबॉल स्टेडियम गातं. अरे, दोनच माणसांचा बँड. बेस गिटार नाहीच. 'सेव्हन नेशन आर्मी'त जो बेस वाटतो तीसुद्धा गिटारच आहे, पेडल लावून खाली उतरवलेली. तिनं प्रत्येक फट भरायची ठरवली असती तर त्या गिटारनं जायचं कुठे?"

"म्हणजे कमी वाजवलं म्हणून मोठी?"

"कुठे थांबायचं ते कळतं म्हणून मोठी."

मी प्राजूच्या बाजूचा. हाच आरोप बीटल्सच्या ड्रमरवर, रिंगोवर, साठ वर्षं होत आलाय, तोही पक्यानं लगेच काढला. रिंगो मूळचा डावखुरा, पण बसतो उजव्यांसाठी मांडलेल्या सेटवर. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा हात उलट्या बाजूनं निघतो आणि तो तुकडा किंचित अडखळल्यासारखा, लोंबता लागतो. ती अडखळ गिरवायला भलेभले बसलेत, जमत नाही. १९६६च्या 'रेन'मध्ये ऐका. बीटल्स १९८८ साली आत गेले, रिंगोला एकट्याला, स्वतःच्या नावानं, जागा मिळाली ती २०१५ साली. चौघांतला तो शेवटचा.

मग थोडा वेळ हॉलच्या मतदानावर गेला. कलाकार, इतिहासकार, धंद्यातली माणसं अशी हजारावर मतं असतात आणि जगभरच्या रसिकांनी दिलेली लाखो मतं मिळून त्यात एकच मतपत्रिका धरली जाते. २०२० साली डेव्ह मॅथ्यूज बँड रसिकांच्या मतांत पहिला आला आणि तरी बाहेर राहिला. घेतला २०२४ साली. पक्याला यात मोठा अन्याय दिसतो. मला नाही दिसत. लोकप्रियतेला बक्षीस द्यायला रेकॉर्डची विक्री आहेच की.

पक्यानंच गाडी लेड झेपेलिनच्या ड्रमरवर, बॉनमवर आणली. लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', १९७१. इंग्लंडमधलं हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर. ड्रम सेट ठेवला खालच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या तळाशी, आणि अँडी जॉन्स या इंजिनीअरनं दोन माइक जिन्यात वरून खाली सोडले. ड्रमजवळ एकही नाही. आपण ऐकतो तो घणाघाती आवाज जिन्याच्या भिंतींवरून फिरून आलेला आहे.

"म्हणजे तो आवाज निम्मा बॉनमचा, निम्मा त्या घराचा आणि इंजिनीअरचा," प्राजू म्हणाली. "मग नाव एकाचंच का?"

मी कितीतरी दिवस याच वाक्याची वाट बघत होतो.

माझं म्हणणं असं की या हॉलमध्ये सगळ्यात मोठी रिकामी जागा आहे ती ड्रमर क्लाइड स्टबलफील्डची. टेनेसीतल्या चॅटनूगा गावचा. कारखान्यांचे ठोके आणि आगगाडीची लय ऐकत वाढला, तीच हातात उतरली. फंक गायक जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये होता, १९६७च्या 'कोल्ड स्वेट'वर तोच. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' रेकॉर्ड झालं. गाणं म्हणून ते फार मोठं नाही, चाल अशी काही नाहीच. पण पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राउन बाकीच्या वाद्यांना थांबवतो. त्याआधी ड्रमरला बजावून ठेवतो की सोलो करू नकोस, आहे तेच धरून ठेव. आणि मग आठ आवर्तनं, साधारण वीस सेकंद, फक्त स्टबलफील्ड.

पुढे सॅम्पलर आले, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा उचलून नव्या गाण्यात वाजवणारी यंत्रं, आणि पोरांनी ती वीस सेकंदं उचलली. हजाराहून जास्त गाण्यांत ती वापरली गेली. एन.डब्ल्यू.ए., एलएल कूल जे, जॉर्ज मायकलचं 'फ्रीडम! नाइन्टी', सगळीकडे तोच हात. ही तिन्ही नावं आज हॉलमध्ये आहेत. जेम्स ब्राउन तर १९८६च्या पहिल्याच तुकडीत आत गेला. ज्याच्या हातावर हे सगळं उभं आहे तो मात्र बाहेर.

"पैसे मिळाले असतील ना पण," पक्या म्हणाला.

कुठले? गाण्याचे हक्क शब्दांचे आणि चालीचे. ड्रमचा ठेका त्यात धरत नाहीत. गीतकार-संगीतकार म्हणून नाव ब्राउनचं, रेकॉर्डिंग कंपनीचं. स्टबलफील्डला त्या दिवसाची मजुरी मिळाली, संपलं. पुढे तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहिला आणि वर्षानुवर्षं दर सोमवारी तिथल्या क्लबात वाजवत राहिला. २००० साली त्याला कॅन्सर झाला तेव्हा दवाखान्याचं नव्वद हजार डॉलरच्या आसपासचं बिल गायक प्रिन्सनं भरलं, गाजावाजा न करता. ही गोष्ट बाहेर आली ती २०१६ साली, प्रिन्स गेल्यानंतर. वर्षभरात स्टबलफील्डही गेला. हे सांगताना माझा आवाज चढतो, दर वेळी चढतो, आणि चढला तर चढू दे.

मन्या ऐकणारा नव्हे. "बँड ब्राउनचा. चुकला की दंड करायचा तो माणसांना, इतकी शिस्त. ठेका काय हवा ते त्याच्या डोक्यात. साथीदाराला साथीदार म्हणून मान दे, पण हॉल ऑफ फेम?"

"साथीदारांसाठी दार आहे तिथे," मी म्हणालो. "२००० साली उघडलंय. पहिल्याच वर्षी हॅल ब्लेन आणि अर्ल पामर आत गेले, दोघेही स्टुडिओतले ड्रमर. 'बी माय बेबी'च्या सुरुवातीचा तो ठोका ब्लेनचा, लिटल रिचर्डच्या मागे पामर. मग यालाच का नाही?"

"आणि ती बेस वाजवणारी कॅरल के? तिला २०२५ला हा मान दिला तर तिनं नको म्हटलं. ज्यांना स्टुडिओत वाजवायचं असतं त्यांना या मिरवण्याची पडलेली नसते."

मुद्दा बरोबर होता. के बाईंनी खरंच नाकारलं, स्टुडिओतलं काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं अशी त्यांची भूमिका. पण नाकारायलासुद्धा आधी कुणीतरी विचारावं लागतं. स्टबलफील्डला कुणी विचारलं?

मग मी मन्याला त्याच्याच देवाची रात्र आठवून दिली. १८ एप्रिल २०१३, लॉस एंजेलिस. रश आत गेले ती रात्र. त्यांच्या गिटारवाल्या अ‍ॅलेक्स लाइफसननं 'ब्ला ब्ला ब्ला' एवढंच भाषण केलं, ते मन्याला तोंडपाठ आहे.

"त्याच मंचावर त्या रात्री आणखी कुणाला घेतलं?"

"हिपहॉपवाले पब्लिक एनिमी."

"त्यांच्या 'फाइट द पॉवर'मध्ये ड्रम कुणाचे ऐकू येतात?"

मन्या गप्प.

"आणि १८ एप्रिलला स्टबलफील्डचा वाढदिवस. १९४३चा जन्म. म्हणजे त्या रात्री तो सत्तर वर्षांचा झाला. जिवंत होता, मॅडिसनमध्ये होता."

कट्ट्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आमच्या शेजारी बाबूकाका बसले होते, भाजीची पिशवी पायाशी ठेवून. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात आणि लावणीच्या फडांवर ढोलकी वाजवली त्यांनी. आमची इंग्रजी नावं ते नेहमी कानाआड करतात. आज म्हणाले, "कसला ठेका रे? ऐकव बघू."

मी फोनवर ती वीस सेकंदं लावली आणि त्यांच्या कानाशी धरली. पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्यांदा उजवा हात मांडीवर चालायला लागला. तिसऱ्यांदा डावा.

"मोठी थाप कुणीपण मारेल," काका म्हणाले. "हे मधलं ऐक. दोन थापांच्या मधे डावा हात कुजबुजतोय. हाताला धरून बसवल्याशिवाय येत नाही हे. याला वर्षं जातात."

ड्रमवाले ज्याला घोस्ट नोट म्हणतात ते हेच. कातड्यावर काठी जेमतेम पडू द्यायची, ऐकू येईल न येईल इतपत. ती काढून टाकली तर ठेका तोच राहतो पण चालायचा थांबतो.

मी काकांना सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "माझी एक कॅसेट होती लावण्यांची. आठच्या आठ गाण्यांवर ढोलकी माझी. कव्हरवर गाणारीचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, चाल लावणाऱ्याचं नाव. मला पाकीट मिळालं, व्हाउचरवर सही केली, घरी आलो. त्या वर्षी गणपतीत मांडवामांडवात तीच वाजत होती. मी रस्त्यानं माझंच वाजवणं ऐकत जायचो. कुणाला सांगितलं नाही. कव्हरवर नाव नाही, कोण खरं मानणार?"

"पण काका, पैसे तुम्ही घेतलेत ना?" मन्यानं विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच विचारत होता.

"घेतले की. वाजवल्याचे घेतले. नाव कुठे विकलं होतं?"

मन्या तरी सोडेना. स्टबलफील्ड घ्यायचा तर त्याच्या जोडीला वाजवणारा जाबो स्टार्क्स घ्यायला लागेल, मग बर्नार्ड पर्डी, मग जिम केल्टनर, थांबणार कुठे? मी म्हणालो, थांबायची घाई कशाला? चाळीस वर्षं गायकांची रांग लावताना कुणी विचारलं का, थांबणार कुठे? प्राजूचं मत, बँड आत घेताना रेकॉर्डवर वाजवलेल्या प्रत्येकाचं नाव लागलं पाहिजे. पक्याला ते पटत नाही, मग भिंत म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी होईल म्हणतो. होऊ दे.

काका निघाले नव्हते. मन्याला म्हणाले, "तू वाजवतोस ना? काढून दाखव." मन्यानं कट्ट्याच्या दगडावर बोटं टेकवली. उजवा हात झकास चालला, तयारीचा आहे त्याचा. डावा दर वेळी मोठा पडत होता. काकांनी त्याचं मनगट धरलं आणि दगडापासून दोन बोटं वर आणून ठेवलं.

"इथून. याच्या वर उचलायचा नाही. तू परत लाव रे ते."

मी परत लावलं.