शेवटची मूळ संख्या सापडली म्हणे!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला : 'अमेरिकेत जगातली शेवटची मूळ संख्या सापडली. फॉर्म्युला फुटला. आता बँकांचे कोड कुणीही तोडणार.' संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातच गाठलं. "सर, एफडी मोडू का ओ?"

संख्या खरी आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना 'गिम्प्स' या हौशी शोधकांच्या प्रकल्पात सापडली. अंक ४,१०,२४,३२०. पानाला तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पानं लागतील. मेसेजातलं खरं तेवढंच.

'शेवटची' नव्हे, आजवर सापडलेल्यांत सर्वांत मोठी. मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच दाखवलंय. हाताशी असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, १ मिळवा. त्यांतल्या कुणीही भागा, बाकी १ उरणार. म्हणजे यादीबाहेरची एक तरी आहेच.

'फॉर्म्युला' म्हणजे काय, तर २ चा घात वजा १ करायचं, घातांक मूळ असला की उत्तरही मूळ, असा समज. २, ३, ५, ७ घेतले की ३, ७, ३१, १२७ मिळतात, सगळ्या मूळ. माझ्या शिकवणीतली पोरंही इथंच फसतात. पुढचा घातांक ११, उत्तर २०४७. सोलापुरात उदाहरण चादरींचंच द्यायचं : कारखान्यातून २०४७ चादरी आल्या, सारख्या थप्प्या लावा. दोन लावा, तीन लावा, पार बावीसपर्यंत जा, दर वेळी चादरी उरतातच. इथं माणूस कंटाळून 'मूळच आहे' म्हणतो. तेवीस थप्प्या लावल्या की प्रत्येकीत बरोबर ८९!

म्हणून प्रत्येक संख्या तपासावीच लागते. त्यासाठीची ल्युका-लेमर कसोटी वहीतही जमते. ३१ घ्या. ४ पासून सुरुवात : वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. म्हणजे ३१ मूळ. घातांक ५, पायऱ्या ३, दोन कमी. ड्युरंट यांच्या संख्येला अशा तेरा कोटींवर पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत कोट्यवधी अंकांचा वर्ग. पहिला कौल डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरनं दिला, या कसोटीनं शिक्कामोर्तब टेक्सासात झालं.

राहिली बँक. आरएसए या माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धतीच्या कुलपात साधारण तीनशे-तीनशे अंकी दोन मूळ संख्या असतात. त्यांचा गुणाकार जगजाहीर, त्या दोघी मात्र गुप्त. कुलूप तोडायचं तर गुणाकारातून त्या वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. चार कोटी अंकी संख्या त्या गुणाकाराला भागणार कशी? तीच कुणी कुलपात घातली तर मात्र वेडेपणा; सगळ्या जगाला माहीत असलेली किल्ली ती.

काकांना म्हटलं, एफडी राहू द्या. फोनवर ओटीपी तेवढा सांगू नका, त्याला मूळ संख्या लागत नाही.

"ते मागच्याच महिन्यात झालं की ओ," काका हळूच म्हणाले. "हिला बोलू नका."